पांढऱ्या कोंबड्यांचं सोवळं

कोंबडी हा प्राणी मला आजही बघवत नाही. ते खवलेदार पाय, ते गोल डोळे, मान झटकत चालणं आणि चालता चालता मागे घाण टाकत जाणं, सगळंच किळसवाणं. मी ज्या घरात वाढले तिथे जेवताना कुणी अंडं हा शब्दही काढत नसे, आणि ज्या घरात दिले गेले तिथे तो एरवीही कुणी काढत नसे. असं असूनही तंजावूरला, राजवाड्याजवळच्या गल्लीत, आमच्या तुळशीपासून चार हातांवर मी कोंबड्यांची विष्ठा खराट्याने खरवडली आहे. त्याचा संताप अजून उतरलेला नाही. लिहून तरी उतरतो का बघते.

हे सगळं माझ्या मुलीच्या खोकल्यापासून सुरू झालं. ती तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती. संध्याकाळ झाली की अंग कोमट व्हायचं, गळ्याला गाठी लागायच्या, घास तोंडात घोळवत बसायची. डॉक्टरांनी सांगितलं, प्रायमरी कॉम्प्लेक्स, म्हणजे लहान मुलांचा क्षय. त्या दिवसांत आमच्या भागात बऱ्याच मुलांना हेच निघायचं, त्यामुळे नाव ऐकून मी घाबरले नाही. घाबरले ते पुढचं ऐकून. "नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. या मुलीच्या अंगात काही नाहीच. रोज एक अंडं द्या. वजन वाढलं नाही तर इथे भरती करावं लागेल." आम्ही अंडं खात नाही, असं मी म्हटलं. मान वर न करता ते म्हणाले, "तुम्ही कुठे आजारी आहात? तिला द्या."

घरी आल्यावर मी हे सांगितलं आणि सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते पेपर खाली ठेवून विचारात पडले. माझे यजमान बँकेत होते. त्यांनी "बघू या" म्हटलं आणि चप्पल घालून बाहेर गेले. लग्न झाल्यापासून मी या माणसाच्या तोंडून सर्वांत जास्त ऐकलेले दोन शब्द हेच. घराला आग लागली असती तरी हे आधी बघू या म्हणाले असते.

दुकानातून अंडं आणायचं नाही, हे सासूबाईंनी त्याच दिवशी ठरवलं. दुकानातलं अंडं कुठल्या कोंबडीचं, तिने काय खाल्लेलं, कुणाच्या हातातून आलेलं, कोण सांगणार? शिवाय गल्लीच्या तोंडाशी पिशवी धरून उभं राहिल्यावर चार लोक बघणार, ते वेगळंच. लोक बघणार हेच मुख्य होतं. पोरीच्या फासळ्या मोजता येत होत्या, त्या कुणी बघत नव्हतं.

वाट काढली ती मामंजींनी. ते दिवस बाहेरच्या मालाला दारं उघडल्याचे होते. गल्लीत केबल आली होती, आणि जन्मभर एकच देशी साबण वापरलेला हा माणूस आता फॉरिन म्हटलं की खुर्चीत पुढे सरकून बसायचा. त्यांनी इंग्रजी पेपरात वाचलं की कोंबडा जवळ नसला तरी कोंबडी अंडं देते, आणि त्या अंड्यात जीव नसतो. "म्हणजे ते दुधासारखंच झालं," त्यांनी जाहीर केलं. आपण आपल्याच कोंबड्या पाळायच्या, कोंबडा ठेवायचा नाही, की प्रश्न मिटला. सासूबाई तयार झाल्या, पण त्यांची एक अट होती. मोठी झालेली कोंबडी घरात येणार नाही. तिने दुसऱ्याच्या दारात काय काय टोचलंय देव जाणे. आणायची तर पिल्लं, आणि ती पहिल्या दिवसापासून आपल्या घरच्या अन्नावर वाढवायची.

"पिल्लं अंडी कधी देणार?" मी विचारलं. तेवढी धीर धरण्याची सवय तुला असायला हवी, असं मला सांगण्यात आलं.

ओरत्तनाडूच्या रस्त्याला एकाने पिल्लांचा नवा धंदा काढला होता. एका सकाळी आम्ही चौघं टाऊन बस बदलून तिथे गेलो. मुलीला शेजारी ठेवलं होतं. पत्र्याच्या त्या शेडमध्ये पाऊल टाकलं. उबट, ओला, आंबूस वास, त्यात दिव्यांची धग, आणि हजार गळ्यांतून एकच चिवचिव. दाराशी एक पिंप होतं. त्यात न जगलेली पिल्लं टाकली होती, आणि सगळी मेलेलीही नव्हती. वरचं एक अजून चोच उघडत होतं. मी मान फिरवली. सासूबाई मात्र नाकाला पदर लावून "इथे बसायला स्वच्छ जागा आहे का" म्हणून विचारत होत्या.

मालकाने टोपल्या समोर आणून ठेवल्या, आणि आमच्याकडच्या लोकांनी निवड सुरू केली. पहिली टोपली गावठी पिल्लांची. तमिळमध्ये नाट्टुकोळी म्हणतात. तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची, टोपलीतून उड्या मारणारी. मी म्हटलं हीच घ्या, काटक दिसतायत. मामंजींनी मान हलवली. गावठी कोंबडी मोकाट हिंडते, गटार उकरते, पाल खाते, किडे खाते. मग तिचं अंडं कशाचं झालं? दुसरी टोपली तांबड्यांची. सासूबाईंना ती "मांसाच्या रंगाची" वाटली. तिसरीतल्या पिल्लांच्या मानेवर पिसंच नव्हती, नुसती लालसर कातडी. मालक म्हणाला, उन्हाला हीच चांगली टिकते. खोटं कशाला सांगू, ती बघून माझ्याही अंगावर काटा आला. सासूबाई तर "शी, ही सोलूनच जन्माला आली" म्हणून मागे सरल्या.

चौथी टोपली पिवळ्याधमक पिल्लांची. ही मोठी झाली की पांढरीशुभ्र होते, मालक म्हणाला, लेगहॉर्न, मूळची इटलीची. झालं. मामंजींचा चेहराच खुलला. त्यांनी विचारलं, स्वभावाने कशी? फिरते का? नाही, पिंजऱ्यात सुखाने राहते. अंड्यावर बसायचा हट्ट धरते का? नाही, अंडं दिलं की विसरते. "बघ," मामंजी सासूबाईंना म्हणाले, "वासनाच नाही. वैराग्य म्हणायचं ते हेच." मग त्यांनी मालकाला एकेक पिल्लू जमिनीवर सोडायला लावलं, चालताना पाय सरळ पडतो की नाही ते पाहिलं, डोळे पाहिले, आवाज ऐकला. मलाही याच माणसाने, याच नजरेने, माझ्या माहेरच्या ओसरीवर इकडून तिकडे चालायला लावलं होतं. रंग थोडा कमी आहे, पण चालेल, असं ठरलं होतं. मी त्या शेडमध्ये उभी राहून ते सगळं परत बघितलं आणि मला या लोकांची शिसारी आली. माझी मुलगीही माझ्याच रंगाची आहे.

सगळ्या माद्याच द्या, असं मालकाला चारचारदा बजावून आम्ही खोक्यात पिवळी पिल्लं घेऊन आलो. मागच्या अंगणात, त्याला आम्ही कोल्लै म्हणतो, विहिरीच्या पलीकडे जाळीचं खुराडं बांधलं. मालकाने खाद्याचं एक पोतं बरोबर दिलं होतं. ते सोडलं आणि घरभर करुवाडूचा भपकारा सुटला. करुवाडू म्हणजे सुकी मासळी. कोंबडीच्या खाद्यात ती कुटून घालतात. सासूबाई तीरासारख्या बाहेर आल्या. पोतं तसंच्या तसं गल्लीबाहेर गेलं, अंगणात शेण सारवलं गेलं, आणि त्या दिवसापासून आमच्या कोंबड्यांना आमचं अन्न सुरू झालं. नैवेद्याचा भात, ताक, शिजवलेली डाळ, केळं. "मासळीत जे असतं तेच डाळीत असतं," मामंजी म्हणाले, "पेपरात आलंय." एकादशीला कोंबड्यांना भात दिला नाही. हे मी बनवून सांगत नाही. शपथेवर सांगते, त्यांना त्या दिवशी वऱ्याचे तांदूळ घातले होते.

आणि हे सगळं काढायचं, धुवायचं, ते मी. ताकभात खाल्लेल्या कोंबडीची विष्ठा कशी असते, हे सांगण्याची ही जागा नव्हे. सकाळी स्वयंपाकाआधी ती उपसायची, मग डोक्यावरून आंघोळ, मग सोवळं नेसून चूल. मामंजी खुर्ची टाकून पक्षी न्याहाळत बसायचे. आल्यागेल्याला दाखवायचे, "इटालियन." महिने जात होते, कोंबड्या पांढऱ्या होत होत्या, आणि दर महिन्याला डॉक्टरांच्या काट्यावर माझी मुलगी होती तिथेच होती. ते कार्डाकडे बघायचे, मग माझ्याकडे. "अंडं देताय ना?" देऊ, असं मी म्हणायची. कोंबड्या मोठ्या होतायत असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

शेवटी अंडी आली. कसली अंडी, कातडी पिशवीसारखी मऊ, हातात घेतली की दबणारी. काही तर कोंबड्याच फोडून पिऊन टाकायच्या. जी हाती लागली त्यांचं काय करायचं, याचाही नियम सासूबाईंनी केला. मुलीने मागच्या पायरीवर बसायचं. तिचं ॲल्युमिनियमचं ताट वेगळं, ते तिथेच कोनाड्यात राहणार. अंडं मागच्या पडवीत वेगळ्या स्टोव्हवर उकडायचं. खाऊन झालं की तिने आंघोळ करायची, कपडे बदलायचे, मग घरात यायचं. खोकणाऱ्या पोरीला दिवसातून दोनदा आंघोळ. मी भांडले. हे म्हणाले, "जाऊ दे ना, अंडं मिळतंय ना तिला?" मिळत होतं, आठवड्यातून एखादं.

मग एक दिवस सकाळी मी कोल्लैत गेले तर खुराड्यात सगळ्या एका कोपऱ्यात जमल्या होत्या. मला वाटलं पडलेली केळी खातायत. जवळ जाऊन बघते तर त्या एकीलाच खात होत्या. ती जिवंत होती. मागच्या बाजूने तिला टोचून टोचून आतलं बाहेर ओढलं होतं, आणि प्रत्येकीच्या पांढऱ्याशुभ्र छातीवर लाल डाग पडले होते. मी विहिरीच्या कठड्याला धरून ओकले. आरडाओरडा ऐकून मामंजी आले, बघितलं, आणि आत गेले. एक-दोन दिवसांत अशा आणखी काही गेल्या. सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. खायला काय घालता, त्यांनी विचारलं. मामंजींनी अभिमानाने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "सार, मासळी द्या. नाहीतर त्या एकमेकींना खातात."

तरी पोतं परत आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, हा देवाचाच कौल आहे, आता हे अंड्याचं बंद. मुलीचं काय, मी विचारलं. दूध देऊ, बदाम देऊ. त्याच आठवड्यात मुलीच्या डॉक्टरांनी काटा बघून पेन खाली ठेवलं होतं. पुढच्या खेपेला वजन इतकंच दिसलं तर भरती, असं स्वच्छ सांगितलं होतं. मी हे जेवणाच्या पानावर सगळ्यांना ऐकवलं. मामंजींनी ताकभात मागितला.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या कोंबड्या टोपलीखाली घातल्या आणि मागच्या भिंतीपलीकडच्या बाईला देऊन टाकल्या. आमच्या कोल्लैच्या भिंतीला लागून तिचं घर. ती बाजारात मासे विकायची. या कापू नका, असं सासूबाईंनी तिला भिंतीवरून सांगितलं. ती "सरी, अम्मा" म्हणाली, आणि दोन दिवसांत भिंतीवरून मसाल्याचा वास येऊ लागला. सासूबाईंनी घरभर ऊद फिरवला. मला काही वाटलं नाही. निदान कुणीतरी त्यांच्याकडे कोंबडी म्हणून बघितलं.

त्या बाईने मला बदल्यात एक कोंबडी दिली. मोठी झालेली, अंड्यावर आलेली, आणि नेमकी नागड्या मानेची. इतकी कुरूप गोष्ट मी पैसे देऊन आणली नसती. मानेची कातडी लाल, सुरकुतलेली, चालली की हलायची. ती गटार उकरायची, गोमा गिळायची, आणि मनाला येईल तेव्हा भिंत ओलांडून त्या बाईच्या कोंबड्याकडे जाऊन यायची. पण जवळजवळ रोज अंडं द्यायची. टणक, बदामी रंगाचं.

सासूबाईंनी ती कोंबड्याकडून परत येताना पाहिली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आता हे दुधासारखं राहिलं नाही, यात जीव आहे. मामंजींनीही मान डोलावली. हे बाहेर जायला चप्पल शोधायला लागले. मी म्हटलं, असेल जीव, माझ्या मुलीतही आहे. मी तिला अंडं देणार. सासूबाई रागाने काळ्यानिळ्या झाल्या. "दे. पण ते खाल्लेलं तोंड घेऊन ती माझ्या घरात पाऊल टाकणार नाही. पायरीवर बसेल, नखशिखान्त न्हाईल, केस धुवेल, मग येईल." मुलगी तिथेच, माझ्या मागे उभी होती. ती घरात फारसं बोलायची नाही. तिला सगळं कळायचं मात्र.

मी अंडं उकडलं, सोललं, मीठ लावून तिच्या ताटात ठेवलं. पायरीवर बसून ती त्याच्याकडे बघत राहिली. मग ताट बाजूला सरकवलं.

"खा ना, बाळा."

"नको. शी आहे ते." आणि मग विहिरीकडे बघत, खालच्या आवाजात, "ते खाल्लं की मी पण शी होते."

मी दुसरं अंडं सोललं आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले. जन्मात कधी तोंडाला लावलं नव्हतं. त्याचा तो सडका, गंधकासारखा वास नाकात गेला. पांढरं रबरासारखं दाताखाली सरकलं, पिवळं टाळूला चिकटून बसलं, आणि मला ती लाल मान डोळ्यांसमोर दिसायला लागली. घशापर्यंत आलं. मी ते परत खाली ढकललं. मुलगी माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती, म्हणून मी सावकाश चावलं, गिळलं, आणि बोटाचं मीठही चाटलं. इतकी घाण वस्तू मी आयुष्यात खाल्ली नाही. "चांगलं आहे," मी म्हटलं.

तिने आपलं उचललं. आधी थोडं, मग सगळं. खाऊन झाल्यावर ती उठली आणि आपण होऊन विहिरीपाशी गेली, फ्रॉकची मागची बटणं काढायला हात वळवू लागली. वारं होतं. ती खोकत होती.

"नको," मी म्हटलं. "आज आंघोळ नाही. चल आत."

मी तिचा हात धरला आणि मागच्या दाराशी आले. सासूबाई उंबऱ्याच्या आत उभ्याच होत्या, तोंडावर पदर. मी आत पाय टाकला. मुलगी आली नाही. तिने दुसऱ्या हाताने दाराची चौकट पकडली होती.

"चल."

"मी घाण आहे," ती म्हणाली. "आजी, मी नाही येत आत."

मी ओढलं. ती हलेना. पाय उंबऱ्याला टेकवून, चौकटीला कवटाळून, सगळं अंग मागे टाकून ती बाहेर राहायला बघत होती. सासूबाई बाजूला झाल्या, पदर तोंडावरून खाली आला, "ये गं, ये" असं काहीतरी म्हणाल्या, वाकून त्यांनीही तिचा दंड धरला. आम्ही दोघी मिळून तिची बोटं चौकटीवरून सोडवत होतो आणि ती सुटत नव्हती. डॉक्टर म्हणायचे या मुलीच्या अंगात काही नाहीच. इतकी ताकद मी तिच्यात पहिल्यांदाच बघत होते.